ब्रश घेऊन सुंदरबनात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या गटाने सुंदरबनातल्या एका शाळेच्या भिंतीवर काढलेला पहिला साप चुकीचा निघाला. सर्पदंशाबद्दल माहिती देणारं चित्र होतं. आम्ही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मोठा, देखणा साप रंगवला, कारण लांबून तो उठून दिसत होता. दुपारी पाणी भरायला आलेल्या एका मावशींनी चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "शाँखामुटी का काढलीत? ती तर दुसरे साप खाते. आम्ही तिला मारत नाही." शाँखामुटी म्हणजे आपली पट्टेरी मण्यार. तिथे लोक मरतात ते कालाचमुळे, म्हणजे साध्या मण्यारमुळे. ती काळपट, अंगावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा असलेली, अंधारात दिसतही नाही. आमची भिंत तशीच राहिली असती तर गावातल्या पोरांनी भलताच साप मारला असता आणि खरा घरात फिरत राहिला असता.

भिंत पुसली, पुन्हा रंगवली. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी जाते. चित्रकार, नाटकवाले, छायाचित्रकार, छपाई-मांडणी करणारे असे आपल्याकडचे बरेच जण विचारतात की आम्हालाही यायचंय, काय करायचं? त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिलंय.

आधी जागा समजून घ्या

भारताच्या बाजूच्या सुंदरबनात साधारण १०२ बेटं आहेत. त्यातल्या ५४ बेटांवर माणसं राहतात, उरलेल्यांवर जंगल आहे. वस्ती सुमारे ४५ लाखांची. बेटं म्हटल्यावर डोळ्यांसमोर नारळ आणि पांढरी वाळू येत असेल तर ते चित्र पुसून टाका. ही गाळाची सपाट जमीन आहे, बरीचशी भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, आणि भोवती सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे मातीचे बांध. कोकणातली खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही. चक्रीवादळांनी हे पुन्हा पुन्हा केलंय: २५ मे २००९ ला आयला, २० मे २०२० ला आम्फान, २६ मे २०२१ ला यास. यासच्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं, त्यामुळे वाऱ्यापेक्षा पाण्यानेच जास्त घात केला.

या तारखा पाठ असू द्या. गावातलं कुठलंही बोलणं "आयलाच्या आधी" किंवा "आयलानंतर" असंच सुरू होतं.

घरी बसून करायची तयारी

दोन-तीन महिने आधी बंगालीशी ओळख करून घ्या. अस्खलित बोलायची गरज नाही. साप, औषध, मासी (आपली मावशी), राग हे शब्द जवळजवळ आपलेच आहेत. फसवतात ते ओळखीचे वाटणारे. पहिल्याच फेरीत नावाड्याने "काल सकाले" बोट निघेल असं सांगितलं. मी ऐकलं 'काल सकाळी' आणि बोट चुकली म्हणून कपाळाला हात लावला. बंगालीत काल म्हणजे गेलेलाही आणि येणाराही. तो उद्याबद्दल बोलत होता. आणि नावाड्याला तिथे 'माझी' म्हणतात, त्यामुळे "माझी कुठेय?" असं मराठी माणसाने विचारलं की आपल्याच गटात हशा पिकतो.

दुसरी तयारी तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनाची. त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाचं ऐरोलीला केंद्र आहे. तिथे जाऊन चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघा, रोपं हातात घेऊन बघा. सुंदरबनातला केओडा आपल्या चिपीच्या कुळातला आहे आणि बाइन म्हणजे आपल्या तिवराचा भाऊबंद. घरचं झाड ओळखता आलं की तिथल्याची भीती जाते.

सामान थोडं घ्या. मच्छरदाणी स्वतःची, विजेरी दोन, ओआरएस, नेहमीची औषधं, पायात घट्ट बसणारे रबरी बूट, आधार कार्ड. रंग मात्र इथून नेऊ नका. वाटेत लागणाऱ्या गोसाबा आणि कॅनिंगच्या बाजारात भिंतीचे रंग मिळतात, आणि पुढच्या वर्षी भिंत डागडुजीला आली तर गावकऱ्यांना तोच रंग तिथेच मिळायला हवा.

कोणाचा हात धरून जायचं

एकटं जाऊन "मी मदत करायला आलोय" म्हणू नका. आधीपासून तिथे काम करणारं कुणीतरी शोधा. रांगाबेलियाला टागोर सोसायटी फॉर रूरल डेव्हलपमेंटचं काम जुनं आहे. तुषार कांजिलाल तिथल्या शाळेत हेडमास्तर म्हणून गेले आणि आयुष्यभर त्या भागाचेच झाले. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. भांगडची सदर्न हेल्थ इम्प्रूव्हमेंट समिती दवाखान्याच्या बोटी चालवते. मुलांच्या आरोग्यासाठी चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट आहे, सर्पदंशावर कॅनिंगची युक्तिवादी सांस्कृतिक संस्था आहे. या सगळ्यांना चित्रकारच हवाय असं नाही. पत्र लिहिताना "मला काय करायला आवडेल" हे लिहू नका. "मला काय येतं, किती दिवस आहेत, खर्च माझा मी करेन" एवढंच लिहा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. उत्तर "आमच्या नोंदवह्यांचे रकाने नीट आखून द्या" असं आलं तर नाक मुरडू नका. आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या) वहीतले रकाने नीट आखणं हे मी तिथे केलेल्या सगळ्या भित्तिचित्रांपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

पोचणं

मुंबई किंवा पुण्याहून रेल्वेने हावडा, तिथून सियालदह, सियालदहच्या दक्षिण विभागातून कॅनिंग लोकल. सव्वा तासाच्या आसपास लागतो. गर्दी आपल्या लोकलसारखीच, फक्त पाठीवर मासळीच्या टोपल्या जास्त. कॅनिंगहून शेअर गाडीने गदखाली, मग नदी ओलांडून गोसाबा. पुढे भुटभुटी, म्हणजे इंजिनाची होडी. इंजिनाच्या आवाजावरून हे नाव पडलंय, पहिल्या तासाभरात पटतं.

पहिली फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे वादळांचा महिना, तो टाळा. वस्तीच्या बेटांवर जायला भारतीय माणसाला परवाना लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, मग कुणी कितीही "चला, जरा आत जाऊन येऊ" म्हणो. बोटीतून पाय पाण्यात सोडून बसू नका. मगरी आहेत आणि कामोट नावाचा लहान शार्कही आहे.

वेळापत्रक घड्याळावर नसतं. जोआर म्हणजे भरती, भाटा म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरा कोटाल म्हणतात, आपल्या कोळ्यांच्या भांगाच्या पाण्याला मरा कोटाल. ओहोटीला कितीतरी धक्क्यांवर बोट लागतच नाही आणि मांडीभर चिखलातून उतरावं लागतं. कार्यशाळा दुपारी तीनला ठेवायची की अकराला, हे त्या दिवशीच्या पाण्यावर ठरवा.

पहिले तीन दिवस ब्रश काढू नका

हा नियम मी सगळ्यांना सांगते आणि सगळेच तो मोडायला बघतात. पहिल्या दिवशी शाळेतले मास्तर, पंचायत सदस्य आणि आशाताई यांना भेटा. दुसऱ्या दिवशी बाजारात आणि धक्क्यावर नुसते बसा. भिंत कोणती, तिच्यासमोरून बायका कधी जातात, मुलं कधी थांबतात, ऊन कुठून येतं, हे टिपून ठेवा. तिसऱ्या दिवशी कच्चं चित्र कागदावर काढून दहा माणसांना दाखवा आणि "हे काय आहे?" एवढंच विचारा. आपण समजावून सांगायचं नाही. दहांपैकी सात जणांनी बरोबर सांगितलं तर पुढे जा. आम्ही औषधाची बाटली काढली होती, ती बहुतेकांना दारूची वाटली.

साप: इथे चित्राचा खरा उपयोग आहे

या विषयावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कालाच रात्री घरात येते. माणसं जमिनीवर झोपलेली असतात. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना अपचन वाटतं. कुणीतरी ओझाला, म्हणजे मांत्रिकाला बोलावतं. श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागतात तोवर निम्मा वेळ गेलेला असतो.

त्यामुळे चित्राला दोनच गोष्टी सांगायच्या असतात. पहिली: मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासांसाठीची ही वस्तू सापालाही अडवते. मच्छरदाणीला तिथे मोशारी म्हणतात आणि ती बहुतेक घरांत असतेच, पण गरमीत कडा मोकळ्या सोडतात. आम्ही फक्त एक खोचलेली कड मोठी करून काढली, बाकी काही नाही. दुसरी: पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात, तर थेट सरकारी दवाखाना. ओझा नाही, ब्लेडने कापणं नाही, दोरी करकचून बांधणं नाही. रुग्णाला चालवायचं नाही, साप शोधत बसायचं नाही.

यात एक अडचण आहे आणि ती चित्राने सुटत नाही. दवाखाना दुसऱ्या बेटावर असतो आणि मध्ये रात्रीची नदी असते. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात आम्ही फळ्याच्या काळ्या रंगाचा एक चौकोन सोडतो. त्यात खडूने रात्री बोट काढणाऱ्या नावाड्याचा नंबर लिहायचा. नावाडी बदलतो, नंबर बदलतो, म्हणून रंगाने लिहायचं नाही. हा चौकोन सुचवला एका आशाताईने. मला सुचला असता तर मी त्याभोवती नक्षी काढली असती.

आपल्याकडच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. सर्पविषावरचं औषध मुंबईच्या हाफकिनमध्येही बनतं आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर चालतं. सुंदरबनात फुरसं नाही, उलट केउटे नावाचा एका वर्तुळाच्या फण्याचा नाग आहे, जो या चौघांत येत नाही. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विषही प्रदेशानुसार बदलतं. त्यामुळे औषधांबद्दलचं एकही वाक्य स्वतःच्या मनाने भिंतीवर लिहू नका. गटविकास पातळीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून मजकूर तपासून घ्या, बंगालीतून, लेखी.

चित्रापेक्षाही जास्त चालते ती पाला, म्हणजे रात्रीचं गाणं-नाटक. बनबीबी ही जंगलाची रक्षणकर्ती देवी, तिची पाला हिंदू-मुसलमान दोघंही बघतात. जंगलात जाणारा प्रत्येक जण तिचं नाव घेऊनच जातो, आणि वाघाच्या रूपातला दक्षिणराय, त्याच्या तावडीतून सुटणारा दुखे, ही गोष्ट लहान पोरांनाही तोंडपाठ असते. आपला दशावतार आठवा: पेटी, गॅसबत्ती, शंकासुर आला की पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकतात. वातावरण तेच. सापाचा प्रसंग तिथल्या मंडळींनाच रचू द्या. आपण माहिती द्यायची, डॉक्टरांना तालमीला बसवायचं, रंगमंचाच्या दिव्यांची सोय करायची. आमच्या वेळी ओझाची भूमिका करणाऱ्या नटाने शेवटी स्वतःच बोट हाकून रुग्णाला दवाखान्यात नेलं. ओझाला खलनायक केलं असतं तर गावातला खरा ओझा शत्रू झाला असता. आता तो निदान "आधी दवाखाना" म्हणतो. हे मला शहरात बसून सुचलं नसतं.

बंगालचीच दुसरी परंपरा पटचित्राची. मेदिनीपूरच्या पिंगला भागातले पटुआ गुंडाळी उलगडत गाऊन गोष्ट सांगतात, त्सुनामी आणि एड्सवरही त्यांचे पट आहेत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीशी नावातही नातं वाटावं इतकं साम्य आहे. पट वापरायचा असेल तर पटुआंकडूनच करून घ्या, त्यांच्या शैलीची नक्कल करून स्वतः काढू नका.

तळी

थोडक्यात सांगते, पण विषय लहान नाही. इथे घराशेजारी तळं असतंच. एक ते चार वर्षांची मुलं त्यात बुडतात, बहुधा भर सकाळी, आई स्वयंपाकात किंवा शेतावर असताना. यावर उपाय दोन: तळ्याला कुंपण आणि त्या तासांपुरतं पाळणाघर. चित्रकाराने पाळणाघराची खोली अशी सजवावी की मूल तिथे रमेल. बांबूचं कुंपण घालायला हात द्यावा. भीतीदायक भित्तिचित्र काढू नये.

तिवरं लावायची असतील तर

आम्फाननंतर राज्य सरकारने पाच कोटी तिवरं लावण्याची घोषणा केली आणि सगळ्यांनाच रोप हातात घेऊन फोटो काढावासा वाटू लागला. लावण्याचा हंगाम पावसाळ्याचा. तुम्ही डिसेंबरात आलात तर लावायला जाऊ नका, रोपवाटिकेत मदत करा.

रोप कुठेही टोचलं की जगत नाही. बांधाच्या बाहेर गाळाची चर, म्हणजे साचून वर आलेली जमीन, तयार होते. तिच्यावर आधी धानी घास नावाचं गवत येतं, ते गाळ धरून ठेवतं, मग बाइन आणि केओडा, त्यामागे उंचावर गरान, काँकडा. फार खोलात, दिवसातला बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावलेली रोपं कुजतात किंवा लाटेने उपटतात. जागा ठरवण्याचं काम गावातल्या बचत गटाच्या बायकांवर सोडा. कुठला गाळ बसतोय आणि कुठला खचतोय हे त्यांना पावलाने कळतं. चालताना शुलो, म्हणजे टोकदार श्वसनमुळं, तळव्यात घुसतात, म्हणून ते रबरी बूट.

आणि शेळ्या. रोपांचा पहिला शत्रू वादळ नसतं, शेळी असते. कुंपणाला जाळी लागते, ती जुन्या मासेमारीच्या जाळ्यांची करतात. इथे चित्रकाराचा उपयोग? प्रत्येक तुकड्याचा नकाशा मोठ्या कापडावर काढून द्या: कुणाच्या गटाचा तुकडा, कधी लावला, किती रोपं. दर तीन महिन्यांनी बायका त्यावर जगलेली रोपं मोजून टिकल्या चिकटवतात. आमच्या पहिल्या तुकड्यात निम्म्याहून जास्त रोपं गेली. कापडावर ते सगळ्यांना दिसलं, भांडण झालं, आणि दुसऱ्या वर्षी जागा बदलली.

फोटो आणि गोष्टी

मधासाठी, खेकड्यांसाठी, मासळीसाठी पुरुष जंगलात जातात आणि काही परतत नाहीत. त्यांच्या बायकांना 'बाघ-बिधोबा' म्हणतात, आणि नवरा खाल्ला म्हणून टोमणेही मारतात. बाहेरून येणारा प्रत्येक छायाचित्रकार पहिल्याच दिवशी यांचा पत्ता विचारतो. विचारू नका. टोमण्यांहून वेगळी, व्यवहारातली अडचणही आहे: बोटीचा परवाना नसताना किंवा राखीव भागात माणूस गेला असेल तर नुकसानभरपाईचा प्रश्न चिघळतो. तुम्ही लिहिलेल्या हृदयद्रावक मजकुरातलं एखादं ठिकाणाचं नाव त्या बाईचे पैसे अडवू शकतं. तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल, बहुधा तुमच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत. तेव्हा कॅमेरा पिशवीत असू द्या.

वाघ विचाराल तर भारतीय सुंदरबनात ते शंभरच्या आसपास आहेत. तुम्हाला दिसणार नाही. पंजाचा ठसा दिसला तरी नशीब समजा.

पैसे

स्वयंसेवक तुम्ही आहात, गावातले लोक नाहीत. पालाच्या मंडळींना बायना द्यायचा, आपल्याकडे तमाशाला सुपारी देतात तसा. नावाड्याला पूर्ण दिवसाचे पैसे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना वेगळे, भिंतीला चुना मारणाऱ्या मुलाला मजुरी. राहण्या-जेवणाचा खर्च ठरवून आधी द्या. जुने कपडे आणि पाण्याच्या बाटल्या आणू नका. प्रत्येक वादळानंतर त्यांचा ढीग बांधावर पडतो आणि नंतर खाडीत जातो.

निघताना

चित्रांचे साचे, मूळ कागद आणि रंगांचे क्रमांक शाळेत ठेवून या. तुमचं नाव भिंतीवर नको. रंगवताना दोन-तीन मोठ्या मुलामुलींना सुरुवातीपासून हाताशी घेतलेलं असेल तर उरलेले ब्रश त्यांना द्या. सहा महिन्यांनी फोन करून दोनच प्रश्न विचारा: चौकोनात नंबर कोणाचा आहे, आणि किती रोपं जगली.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा आमच्या त्या पहिल्या भिंतीवरची मण्यार कुणीतरी पुन्हा रंगवली होती. माझ्या चित्रात रेघा डोक्यापासून सुरू होत होत्या. नव्या चित्रात त्या मानेपासून बोटभर मागे सुरू होत होत्या, खऱ्या कालाचसारख्या. खालच्या काळ्या चौकोनात दोन नंबर होते, एक खोडलेला.